लाल अर्धा मीटर

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. मालक तिच्याहून बारा वर्षांनी मोठे, तेही वहिनीच म्हणत. खरं तर ती वहिनी एकाच माणसाची, मोजणीवाल्याची. तो तिचा सख्खा धाकटा दीर. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि ती दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायला लागली, तेव्हा याच दिराने मालकांपाशी शब्द टाकला होता. आमच्या वहिनींच्या डोक्यात आकडे बसतात तसे आपल्या इथे कुणाच्याच बसत नाहीत, एकदा बघा तर खरं, असं म्हणून तो तिला घेऊन आला. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "वहिनी, हे तुमचं टेबल" म्हणाला, आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

त्याच्या आदल्या आठवड्यात तो तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाला होता, "वहिनी, आम्ही तुम्हाला अंतर देणार नाही." आणि त्याने ते पाळलं. गंमत अशी, की पुढे तिच्या नशिबी रोज अंतरच आलं. तिचं कामच अंतर काढायचं.

कारखाना सावलीची छतं बनवायचा. शाळांची अंगणं, दवाखान्यांची आवारं, गाड्या लावायच्या जागा, जिथे ऊन फार तिथे चारसहा पोलादी खांब रोवायचे आणि त्यांच्यात ताणून कापड बसवायचं. कापड ताणून धरतात ते पोलादी दोर, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. हे दोर कारखान्यातच कापून, दोन्ही टोकांना पितळी टोप्या दाबून तयार व्हायचे. टोपी एकदा दाबली की दोर जेवढा आहे तेवढाच राहतो. लांब झाला तर निदान कापता येतो. आखूड झाला तर भंगारात.

मोजणीवाला जागेवर जायचा. अंगणाच्या मधोमध एक खुंटी ठोकायचा. तिला कारखान्यात बेंबी म्हणत. बेंबीपासून प्रत्येक खांब आडवा किती आणि उभा किती, हे तो चौकटीच्या कागदावर मांडायचा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात न चुकता लिहायचा, 'वहिनींस'. तो कागद तिच्या टेबलावर यायचा. ती आपल्या वहीत आकडे उतरवायची आणि दोन-दोन खांबांमधलं अंतर काढायची. एकाच्या आडव्यातून दुसऱ्याचं आडवं वजा, उभ्यातून उभं वजा. दोन्ही फरकांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. वर्गमूळ सोडून बाकी सगळं ती तोंडी करायची, आणि वर्गमूळही पुष्कळदा. मग चिठ्ठी जायची दोर कापणाऱ्याकडे. त्याला सगळे कात्री म्हणत, कामामुळे कमी आणि जिभेमुळे जास्त.

बेंबीच्या डावीकडचे आणि मागचे आकडे उणे. आता उण्याची खूण म्हणजे एवढीशी आडवी रेघ. सुरुवातीच्या वर्षी एकदा ती कागदाच्या घडीत गेली, एकदा चहाच्या डागात. तेव्हा तिनेच नियम केला होता. "भावजी, ही रेघ माशीच्या पायाएवढी असते, कधी दगा देईल सांगता येत नाही. डावीकडचं आणि मागचं लाल लिहा, बाकीचं काळं. रेघच नको." तेव्हापासून उणे ते लाल. आपल्या इथे कुणी कुणाचं उणं काढत नाही, नुसतं लाल काढतात, असं कात्री म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. नियम मात्र उत्तम चालला. अकरा वर्षांत तिचा एक दोर चुकला नव्हता. वहिनींचं चुकत नाही, हे कारखान्यात पाणी उताराकडे जातं इतक्या सहज बोललं जायचं. ती वरवर नको नको म्हणायची. आतून तिला ते हवं असायचं. नवऱ्यामागे तिचं स्वतःचं असं तेवढंच तर होतं.

वाचनालयाच्या अंगणाचं काम आलं तेव्हा घाई होती. मोजणीचा कागद सकाळी आला आणि तासाभरात मालकांना तोच कागद घेऊन वाचनालयाच्या कचेरीत जायचं होतं, तिथल्या लोकांना खांब कुठे येणार ते दाखवायला. त्यांनी यंत्रावर एक नक्कल काढून तिच्या टेबलावर ठेवली आणि मूळ कागद बॅगेत घालून गेले. तिने नकलेवरून आकडे वहीत उतरवले. एक खांब आडवा अर्धा मीटर, उभा दोन. दुसरा आडवा साडेआठ, उभा चौदा. साडेआठातून अर्धा गेला, आठ. चौदातून दोन गेले, बारा. चौसष्ट आणि एकशेचव्वेचाळीस, दोनशेआठ. वर्गमूळ चौदा पूर्णांक बेचाळीस. चिठ्ठी गेली, दोर कापला, टोप्या दाबल्या गेल्या. नक्कल रद्दीच्या टोपलीत गेली आणि संध्याकाळपर्यंत ती नक्कल होती हेही ती विसरली.

मंगळवारी वाचनालयाच्या अंगणात छत चढवायला घेतलं. बघायला वाचनालयातले झाडून सगळे जमले होते. पाच दोर बसले. सहावा खांबावरच्या कडीपर्यंत पोहोचेना. ओढून बघितला, माणसं लावून बघितली. अठ्ठावन्न सेंटीमीटर कमी पडत होते. एका कोपऱ्यात कापड ओल्या चादरीसारखं लोंबत राहिलं, आणि त्याच्याखाली मालक हसरं तोंड करून उभे राहिले. ते परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर टेबलापासून दिसत होती.

सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं गेलं. कात्रीने चिठ्ठी दाखवली, दोर चिठ्ठीबरहुकूम होता. मग तिची पाळी. तिने वही उघडून पुढे केली. आकडे काळे, गणित बिनचूक. मालकांनी स्वतः करून पाहिलं, तेच उत्तर. जागेवर मात्र तो खांब बेंबीच्या डावीकडे होता.

"मी लाल लिहिलं होतं असं मला वाटतंय," दीर म्हणाला. तो फार जोर देऊन बोलला नव्हता. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता.

तिथे ती थांबली असती तरी चाललं असतं. मूळ कागद मागवा, एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या वहीकडे कुणी संशयाने बघत होतं, आणि तिला ते सोसलं नाही. "वहीत जे आहे ते कागदावर होतं म्हणूनच आहे," ती म्हणाली. "भावजी, निदान डावं-उजवं तरी नीट बघत जा."

कात्री फस्सकन हसला. बाकीचेही हसले. दिराने वहीतल्या काळ्या आकड्याकडे एकदा पाहिलं. "वहीत काळं आहे म्हणजे काळंच लिहिलं गेलं असणार. चूक माझी आहे, मालक," तो म्हणाला. विषय तिथेच संपला. त्याला बाहेरच्या मोजणीवरून काढलं, तूर्त कापडाचे गठ्ठे बांधायला लावलं. बाहेरून एक मोजणीवाला आणला. आणि कात्रीने दिराचं नवं बारसं केलं, डावंउजवं. दुपारपर्यंत सगळे त्याला डावंउजवं म्हणायला लागले. तो ओ द्यायचा.

शनिवारी वाचनालयाची फाईल परत आली. फायली लावायचं कामही तिचंच. ती पानं सरळ करत होती आणि चौकटीचा कागद वर आला. कोपऱ्यात 'वहिनींस'. खाली आकडे. त्यांत पहिल्या खांबाचा अर्धा मीटर लाल. ठळक लाल, दोनदा गिरवलेला.

नकलेचं यंत्र सगळंच काळं काढतं, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तिला तर जास्तच. नियम तिचा, नियमाला असलेलं भोकही तिच्याच डोळ्यांसमोर, आणि ते तिला दिसलं नव्हतं. या अंगणात बेंबी कोपऱ्याशी होती, लाल आकडा तेवढा एकच, आणि त्या खांबाचा दुसरा दोर बेंबीच्या सरळ रेषेतल्या खांबाकडे जात असल्याने लाल-काळ्याने त्यात फरक पडला नव्हता. तिने बोटाने टेबलावर गणित केलं. साडेआठातून उणे अर्धा वजा केला की अर्धा मिळतो, जात नाही. नऊ. बारा. एक्याऐंशी आणि एकशेचव्वेचाळीस, दोनशेपंचवीस. पंधरा. स्वच्छ, पूर्ण पंधरा. शाळकरी पोरीलाही झोपेत आलं असतं. चौदा बेचाळीस असं वेडंवाकडं उत्तर आलं तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. दोर शक्यतो पूर्ण मीटरचा यावा असेच आपण खांब आखतो, असं तीच सगळ्यांना सांगायची.

कागद तिने फाडला नाही. हे तिच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच. तिने तो फायलीत नेमक्या जागी लावला, फाईल फडताळात ठेवली आणि घरी गेली. त्या फडताळाकडे तिच्याशिवाय कुणी जात नाही, हेही तिला माहीत होतं.

सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी मालकांकडे वाचनालयाची माणसं आली, नवा दोर बसवून झाला होता आणि ती माणसं खूश होती. तेव्हा कसं सांगायचं? मंगळवारी मालकांचं डोकं दुखत होतं. बुधवारी तिला कळून चुकलं, की आता नुसती चूक सांगून भागणार नाही, चार दिवस गप्प का बसलो तेही सांगावं लागेल. मग पाच दिवस होतील, मग सहा. जितकं लांबवावं तितकं सांगायचं वाढत होतं. घरी आरशासमोर केस बांधताना ती स्वतःच्या डोळ्यांना डोळा द्यायची नाही.

गुरुवारी दुपारी जाऊ तिला बाजारात भेटली. धाकटी जाऊ, तिला ताई म्हणणारी. म्हणाली, ताई, यांना काय झालंय बघा हो. घरात काहीही तीनतीनदा मोजतात. परवा भिंतीवर खिळा मारायचा होता तर टेप लावून, पुसून, परत लावून. म्हणतात माझे डोळे गेले, लाल-काळं कळत नाही. आज चष्मेवाल्याकडे चाललेत. तुम्ही जा ना त्यांच्यासोबत, माझं ऐकत नाहीत, तुमचा शब्द मोडायचे नाहीत.

आणि ती गेली. नाही म्हणायला कारण सुचेना म्हणून गेली. चष्मेवाल्याच्या दुकानात लाकडी बाकावर त्याच्या शेजारी बसली. त्याचा नंबर येईपर्यंत तो भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं मनात वाचत होता आणि ओठ हलत होते. परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता. पन्नाशीचा माणूस. "वहिनी, तुम्ही आलात ते बरं झालं," तो हळूच म्हणाला. "आतमध्ये जास्त काही निघालं तर हिला लगेच सांगू नका."

तोंड उघडायला तीच वेळ होती, आणि त्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. ती म्हणाली, "काही निघत नाही."

चष्मेवाल्याने त्याला रंगीत ठिपक्यांचं पुस्तकही दाखवलं. त्याने सगळे ठिपके ओळखले. रंग ठीक आहेत, वयामानाने जवळचा किरकोळ नंबर आहे, तो सगळ्यांनाच येतो, असं सांगून त्याला एक चष्मा दिला. दिराने त्यातलं 'नंबर आहे' एवढंच ऐकलं. बाहेर आल्यावर चष्मा नाकावर ठेवून त्याने रस्त्याकडे बघितलं. "बघा, निघालाच नंबर," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात समाधान होतं. आपलं काय चुकलं ते एकदाचं सापडलं, याचं समाधान. ती त्याच्या बाजूने चालत राहिली.

त्यानंतरचे दोन आठवडे कारखान्यात तिचं काम नेहमीसारखंच बिनचूक चाललं. बाहेरचा मोजणीवाला कागदावर 'वहिनींस' लिहीत नसे. गठ्ठे बांधायच्या कोपऱ्यातून अधूनमधून कात्रीची हाक ऐकू यायची, "डावंउजवं, ती सुतळी दे," आणि दर हाकेला ती पेन घट्ट धरायची. एकदा तिने कात्रीला दटावलंही, नाव नीट घे म्हणून. कात्री चकित झाला. "वहिनी, नाव तर तुम्हीच ठेवलंत," तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी सुटायच्या वेळेला दीर तिच्या टेबलापाशी आला. नाकावर चष्मा होता. हातात मोजायची टेप, कातडी म्यानातली, वीस वर्षं कमरेला असायची ती. त्याने ती टेबलावर ठेवली. सोमवारी मालकांना सांगणार आहे की मला आता गठ्ठ्यांवरच कायम ठेवा, असं तो म्हणाला. चष्म्याने नीट दिसायला लागलं तरी हाताला भीती बसली आहे. टेप लावली की वाटतं आपण उलटं बघतोय. ही तुमच्याकडे असू द्या, नवीन माणसाला लागली तर द्या.

"सोमवारपर्यंत थांबा," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तो हसला आणि गेला.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. फडताळातून फाईल काढली. माणसं जमली, मालक आले, फळ्यावर दिवसाची कामं लिहायला खडू हातात घेतला, तेव्हा तिने तो मागून घेतला. फळ्यावर बेंबी काढली, दोन खांब काढले, आणि पहिल्या खांबाशी लाल खडूने अर्धा मीटर लिहिला. मग मूळ कागद मालकांच्या हातात दिला. तिने सगळं क्रमाने सांगितलं. नक्कल, यंत्र, काळं, वही. "भावजींनी लाल लिहिलं होतं. दोनदा गिरवलं होतं. डावं-उजवं मला कळलं नाही," ती म्हणाली.

कात्रीकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण अशा वेळी तोच काहीतरी बोलतो. तो फळ्यावरचा लाल आकडा वाचत होता. मालकांनी कागद उलटसुलट केला, घसा साफ केला आणि म्हणाले की आजपासून नक्कल वापरायची नाही, आणि मोजणीवर उद्यापासून, म्हणजे सोमवारपासून, आपलाच माणूस. अकरा वर्षांत एक, चालायचंच, असंही ते म्हणाले. त्यांनी एवढ्यावर सोडलं याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

दिराने मात्र चष्मा काढला होता. तो कागद हातात घेऊन लाल आकड्यावर अंगठा फिरवत होता, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की ती बघू शकेना. "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत," तो शेजारच्याला म्हणाला. मग पलीकडच्याला तेच म्हणाला. बाहेर जाऊन त्याने बायकोला फोन केला. डोळे ठीक आहेत गं, असं तो इतक्या मोठ्याने सांगत होता की आतपर्यंत ऐकू आलं. रागाचा मागमूस नव्हता. तो चिडला असता तर तिला उभं राहायला जागा मिळाली असती.

थोड्या वेळाने तो टेप न्यायला तिच्या टेबलापाशी आला. अजून हसतच होता. टेप कमरेला अडकवता अडकवता त्याने विचारलं, "कळलं कधी तुम्हाला? काल?"

काल म्हणणं किती सोपं होतं. तोच तो शब्द तिच्या हातात देत होता. ती म्हणाली, "तीन आठवडे झाले. फाईल परत आली त्या शनिवारी."

तो मनात काहीतरी मोजायला लागला. त्याचे ओठ हलले, चष्मेवाल्याच्या दुकानात हलले होते तसे.

"आपण चष्म्याला गेलो तो गुरुवार," तो म्हणाला. "त्याच्या आधी, की नंतर?"

"आधी," ती म्हणाली. "पाच दिवस."

त्याने मान हलवली. टेपेचा चाप नीट बसलाय का ते पाहिलं, खिशातून चष्म्याची डबी काढली, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि डबी परत खिशात ठेवली. "बरं," असं म्हणून तो आपल्या कामाला गेला.

सोमवारी दुपारी नव्या जागेच्या मोजणीचा कागद तिच्या टेबलावर आला. तो तिने त्याच्या हातातून घेतला नाही, ती हात धुऊन आली तेव्हा तिथे होता, वर पेपरवेट ठेवलेला. अक्षर दिराचं, आकडे सुबक. डावीकडचे आकडे लाल होते, आणि प्रत्येकाच्या आधी बोटभर लांब उण्याची रेघ ओढलेली होती, आंधळ्यालाही चुकवता येणार नाही अशी. वरचा कोपरा कोरा होता.

तिने कागद उजेडाकडे धरून पाहिला, मागे उलटून पाहिला. मग वही उघडली. एक खांब आडवा उणे दोन, उभा तीन. दुसरा आडवा चार, उभा अकरा. चारातून उणे दोन वजा, सहा. अकरातून तीन वजा, आठ. छत्तीस आणि चौसष्ट, शंभर. अंतर बरोबर दहा मीटर आलं. तिने ते आणखी दोनदा करून पाहिलं आणि चिठ्ठी कात्रीकडे पाठवली.